कळंबचा टेम्पो आणि अश्विनी ढोके

सोम., १ डिसेंबर

शुक्रवारी कळंबच्या टेम्पोचं टिपण वर गेलं. साहेबांनी एक शब्द बदलला नाही, थेट सही. अकरा वर्षं पोलिसांच्या या कक्षात बसून खबरांचा अर्थ लावतेय, तरी अशी सही झाली की अजून बरं वाटतं. ते बरं वाटणं आज सकाळच्या बैठकीपर्यंत टिकलं.

बैठकीत अश्विनीने हात वर केला. हात वर करते, शाळेत असल्यासारखी! "मॅडम, 'वेळ मुद्दाम बदलतात' असं लिहिलंय. मुद्दाम, हे आपल्याला कसं कळलं?"

मी म्हटलं, कळंबची माणसं मला माहीत आहेत. मी निर्मळची. लहानपणी आम्ही सायकलने जायचो तिकडे. तू वाशिमची, तुला नाही कळायचं.

सगळे हसले. तीही हसली. सा. मात्र हसले नाहीत. उठून तिचा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि पुसायचा नाही म्हणाले. माझं अख्खं टिपण फाइलीत, हिचा एक प्रश्न फळ्यावर.

वय अठ्ठावीस. येऊन सात महिने. बोळिंजला भाड्याने राहते, डबा स्वतः करून आणते आणि त्यातली भाजीसुद्धा चांगली असते.

मंगळ., २ डिसें.

टिपण पुन्हा वाचलं. काही चुकलेलं नाही. कळंबच्या सुरूच्या बागेजवळ टेम्पो येतो. आमचा तिथला माणूस ऑक्टोबरपासून घड्याळ बघून नोंद करतोय. पाच-सहा दिवस रोज येतो, मग आठवडाभर गायब. वेळ रोज वेगळी, एकदाही आदल्या दिवसाची नाही. चार बायका, ओल्या गोण्या, वर ताडपत्री. बायका फोन घरी ठेवून येतात. टेम्पोचा मालक हरेश उंच खडकावर उभा राहून नजर ठेवतो. याला पहारा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? मी लिहिलं, किनाऱ्यावर चोरून माल उतरवला जातोय. खात्री : पक्की.

अ.च्या वहीत पानाला मधोमध रेघ असते. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. आज चहाच्या वेळी मान वाकडी करून वाचलं. माझ्या टिपणातलं निम्मं तिने उजवीकडे टाकलंय. पहारा उजवीकडे. चोरून उजवीकडे. मुद्दामच्या खाली तर दोन रेघा.

येताना तसलीच वही घेतली. निळ्या पुठ्ठ्याची. कुणाला सांगणार नाही.

बुध., ३ डिसें.

हरेशला आज सकाळी चौकीवर नेलं. टेम्पोही आवारात लावून ठेवलाय. गोण्या नव्हत्या, कारण तो निघायच्या आधीच उचलला. आपण फक्त लिहितो, पुढे काय करायचं ते वरचे ठरवतात. तरी छाती जरा फुगलीच.

सा. म्हणाले, "राऊत मॅडम, चांगलं काम." मी अ.कडे बघितलं. ती वहीत काहीतरी लिहीत होती. मान वर करून माझं अभिनंदन केलं, आणि अगदी मनापासून. तिला जळायलासुद्धा येत नाही.

शनि., ६ डिसें.

हरेश काही बोलत नाही म्हणे. "कालवं काढतात बायका, मी गाडी लावतो," एवढंच. मी म्हटलं, सगळे असंच सांगतात. त्याला सोडलं. टेम्पो अजून तिथेच.

घरी नवऱ्याला, विलासला, अ.च्या वहीचं सांगितलं. तो वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होता. म्हणाला, "पद्धत चांगलीय की." मी म्हटलं, पद्धत गेली खड्ड्यात, माझ्या कामावर तपासनीस कशाला? तो म्हणाला, "नीला, तुझ्या पोटात दुखतंय."

त्याचं ताट वाढून ठेवलं आणि मी आधीच जेवून घेतलं.

सोम., ८ डिसें.

काय लिहू.

अ. काल, रविवारी, स्वतःच्या पैशाने रिक्षा करून कळंबला गेली. कुणाला सांगितलं नाही, कुणाला काही विचारायला म्हणून गेली नाही. किनाऱ्यावर बसली. बायका खडपावर, पाण्यातल्या खडकांवर, कालवं काढत होत्या. कवचांसकट गोण्यांत भरत होत्या, पण टेम्पो नाही, म्हणून डोक्यावर नेता येतील तेवढीच. एक जनीबाई म्हणून आहे, ती हिच्याशी गप्पा मारायला बसली.

आज बैठकीत अ.ने दोन कागद लावले. एकावर माझ्याच नोंदी. टेम्पोची वेळ रोज पाऊण तासाने पुढे. पाऊण, कधी पन्नास मिनिटं, पण पुढेच. दुसऱ्यावर साधं भिंतीवरचं कॅलेंडर. टेम्पो येतो ते दिवस पुनवेच्या आणि अवसेच्या आजूबाजूचे. मधले दिवस गायब.

म्हणाली, "जनीबाई म्हणतात, उधाणाला पानी लांब जातं, तवा खडप उघडं पडतं. भांगाला पानी हटतच नाय, मंग काय काढनार?" वाशिमच्या तोंडून कोळणीची बोली. सगळ्यांना कौतुक वाटलं. फोन घरी का, तर कमरेएवढ्या पाण्यात फोन कोण नेतं. हरेश खडकावर का, तर पाणी उलटलं की बायकांना हाक मारायला.

ओहोटी. मी ओहोटी विसरले.

वसईत जन्म गेला माझा. ही कालवं आमच्या दारात यायची. आई घासाघीस करून घ्यायची, आणि ती बाई कधी सकाळी आठला यायची, कधी अकराला. आई ओरडायची, तुझी एक वेळ नाही! तेव्हाही आम्हा वाडीवाल्यांना वाटायचं, या लोकांना वेळेचं भान नाही. तेच मी टिपणात लिहिलं, फक्त सरकारी भाषेत.

मला कळंब माहीत होतं म्हणून मी विचारलं नाही. तिला माहीत नव्हतं म्हणून तिने विचारलं. हे लिहितानाही पश्चात्ताप होत नाही. तिने विचारलं याचा राग येतोय.

सा.नी तिथल्या तिथे चौकीला फोन केला. संध्याकाळी टेम्पो सोडला. पुनवेचं उधाण बायकांचं वाया गेलं ते गेलंच.

मंगळ., ९ डिसें.

अ. चहा घेऊन माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, तुमच्या माणसाच्या नोंदी इतक्या नेमक्या नसत्या ना, तर मला काहीच दिसलं नसतं."

तिने टोमणा मारला असता तर मी दोन सुनावून मोकळी झाले असते. खरं बोलली. चहा गोड होता. अर्धा टाकला.

बुध., १० डिसें.

जानेवारीत नवीन भरतीची मुलं येतात. त्यांना दोन दिवस शिकवायचं असतं : खबर कशी वाचायची, आपण स्वतःलाच कसे फसवतो, एका गोष्टीची तीन कारणं कशी शोधायची. गेली चार वर्षं ते मी शिकवते. 'आपल्याला आवडणाऱ्या उत्तरावर सगळ्यात जास्त संशय घ्या', हे माझं वाक्य. मुलं लिहून घेतात.

यंदा सा.नी अ.ला सांगितलं. मला बोलावून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका." मी म्हटलं, छे, छे, उलट बरंच झालं, माझ्यामागे कामं फार आहेत.

नंतर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आरशात बघितलं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, सातवीतल्या मुलीसारखा चेहरा करून. मला तो वर्ग हवा आहे. मला तिची जागा नको, तिचं वय नको. मला फक्त तो वर्ग परत हवाय आणि तो तिला मिळालेला बघवत नाही.

शुक्र., १२ डिसें.

आज सगळ्या नोंदी काढून बसले. सा.ना सांगितलं, फाइल लावतेय. खोटं. अ.ची चूक शोधत होते. इथे तरी खरं लिहावं.

सापडली.

१२ नोव्हेंबर. २८ नोव्हेंबर. दोन्ही दिवशी टेम्पो दुपारी दीडला आलेला. कॅलेंडर बघितलं. दोन्ही अष्टमी. भांगाचे दिवस, पाणी हटत नाही, खडप उघडं पडत नाही. बायका नाहीत, आमच्या माणसाने स्पष्ट लिहिलंय : फक्त टेम्पो, हरेश आणि दुसरा एक इसम, दोन गोण्या. कोरड्या! माझ्याही नजरेतून सुटलं होतं, कारण माझ्या मते सगळ्याच वेळा विचित्र होत्या. दुसरी नोंद तर माझं टिपण गेलं त्याच दिवशीची.

तीन वर्षांत इतका आनंद झाला नाही. विलासला गजाननाच्या देवळात पेढे ठेवायला सांगणार होते, पण कशाबद्दल ते सांगता आलं नसतं.

मग निळी वही काढली. डावीकडे लिहिलं : दोन तारखा, दीड वाजता, बायका नाहीत, दोन कोरड्या गोण्या. उजवीकडे लिहिलं : अ. चुकली. ते दोन शब्द पुन्हा वाचले. गोण्यांत काय होतं याबद्दल उजवीकडे एक अक्षर नव्हतं.

शनि., १३ डिसें.

विलासला सांगितलं. फाइलीतलं नाही, नावं गाळून, इतकंच : दुसऱ्याच्या कामात एक भोक सापडलंय, ते खरं भोक आहे की मला हवंय म्हणून दिसतंय, हे कसं ओळखायचं?

तो म्हणाला, "ते काम तुझं असतं तर त्या दोन तारखांचं काय केलं असतंस?"

लगेच उत्तर आलं मनात. म्हटलं असतं, गावात माणूस टेम्पोने काय काय नेतो, कुणाचं सिमेंट, कुणाच्या लग्नाचे तांदूळ. दोन तारखांनी काय होतं. झाकून टाकलं असतं.

त्याला सांगितलं नाही. तो विडा चघळत बसला होता. त्याला उत्तर माहीत होतं असं वाटलं, आणि त्याचाही राग आला.

पण म्हणून तारखा खोट्या होत नाहीत. माझा हेतू वाईट आहे. गोण्यांना त्याच्याशी काय देणंघेणं?

रवि., १४ डिसें.

जे करायचं नसतं ते केलं. कळंबला गेले. आम्ही टेबलावरची माणसं, ज्याच्याबद्दल लिहितो त्याच्याशी परस्पर बोलायचं नाही, हा पहिला नियम. अ.ने बायकांशी गप्पा मारल्या, हरेशच्या जवळही गेली नव्हती. मी थेट त्याच्यासमोर.

तो टेम्पोची ताडपत्री शिवत होता. चाळिशीचा असेल. मी कल्पना केली होती त्यापेक्षा बारीक. मी म्हटलं, कालवं मिळतील का? म्हणाला, "आज नाय, ताई. अवसेला या. कुठल्या तुमी?" निर्मळ म्हटल्यावर हसला. "निर्मळला आमची आई यायची इकायला. वाडीवाले लय घासाघीस करतात." माझ्याही तोंडावर हसू आलं.

टेम्पोजवळ बसायला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली त्याने. बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी नको म्हटलं तरी आला. चांगला माणूस आहे, असं वाटलं. वाटलं. उजवीकडे.

मग मी विचारलं. सहज विचारल्यासारखं, कप खाली ठेवताना. मग भांगाच्या दिवसांत गाडी काय करते?

सुई थांबली. माझ्याकडे बघितलं. चपला, पर्स, घड्याळ, सगळं बघितलं.

"उभी आसते," म्हणाला. आणि मग, "कोन इचारतंय?"

मी म्हटलं, काही नाही, अशीच. रिक्षा शोधत बाहेर आले. तो मागून बघत होता.

उभी असते. नोंदीत दोनदा आलेली गाडी उभी असते म्हणाला. खोटं बोलला. की चार दिवस चौकीवर काढलेला माणूस कुणालाही असंच उत्तर देईल? ते चार दिवस माझ्यामुळे. त्याला घाबरवलं मी आणि आता त्याच्या घाबरण्याचा अर्थ लावत बसलेय.

मंगळ., १६ डिसें.

ठरवलं होतं, सरळ बैठकीत काढायचं. सगळ्यांसमोर, हात वर करून. "अश्विनी, ओहोटीचं ठीक आहे, पण या दोन तारखा?" वाक्य चार वेळा मनात म्हणून बघितलं. आवाज कसा ठेवायचा तेही ठरवलं होतं.

नाही काढलं. का ते माहीत नाही. मोठेपणा वगैरे नव्हता, एवढं नक्की.

दुपारी तिला जिन्यात गाठलं. कागद दाखवला. दोन तारखा, दोन गोल.

तिने कागद हातात घेतलाच नाही. बघितलं आणि चेहरा उतरला.

"मला दिसलं होतं," म्हणाली. "आठ तारखेलाच. कागद लावायच्या आधी."

मी म्हटलं, मग?

"नाही लावलं."

का?

ती जिन्यावरच बसली. म्हणाली, सा. इतके खूश झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी फळ्यावर माझं लिहिलं होतं. मग म्हणाली, आणि तो माणूस. परत आत घेतील त्याला, दोन गोण्यांसाठी. जनीबाईने मला भाकरी खायला घातली होती. "यातलं खरं कारण कोणतं, मले नाही सांगता येत, मॅडम. मले खरंच नाही सांगता येत."

माझ्यासमोर 'मले' म्हणाली, वाशिमचं. सात महिन्यांत पहिल्यांदा.

आनंद झाला. खोटं कशाला लिहू, झाला. हीसुद्धा! हीसुद्धा आवडत्या उत्तराला जपते. तो आनंद जिना चढून वर टेबलापर्यंत आला माझ्याबरोबर, आणि तिथे विरला. मी चुकले तेव्हा माझ्या मनात कळंबची माणसं म्हणजे अशीच, एवढंच होतं. ती चुकली तेव्हा तिच्या मनात निदान त्या माणसाची काळजी होती. थोडी असेल, पण होती. तिच्या चुकीचासुद्धा मला हेवा वाटतोय.

बुध., १७ डिसें.

अ. आली नाही. डोकं दुखतंय असा निरोप. सा.नी विचारलं, काही झालंय का तुमच्यात? नाही म्हटलं.

तिचं टेबल रिकामं होतं तर दिवस मोठा गेला. याचा अर्थ लावत नाही.

गुरु., १८ डिसें.

सकाळी अ. आली ती टाइप केलेला कागद घेऊनच. पुरवणी टिपण. पहिला परिच्छेद तिच्या नावाने : या दोन नोंदी ८ डिसेंबरला माझ्या लक्षात आल्या होत्या, त्या मी मांडल्या नाहीत, त्याची जबाबदारी माझी. खाली सही. ठळक, पूर्ण नाव. जानेवारीच्या वर्गाचं आता तिला कुणी सांगणार नाही, हे तिला माहीत आहे. तो परत मलाच द्यावा लागणार, हेही तिला माहीत आहे.

"बाकीचं तुम्ही लिहा, मॅडम. तारखा तुम्ही शोधल्यात."

तिने आपली चूक कबूल केली तीही कागदावर, सहीनिशी, माझ्या आधी. यातही माझ्या आधी.

दिवसभर लिहिलं. दोन तारखा, वेळ, गोण्या, दुसरा इसम. तीन कारणं लिहिली. गावातलं साधं भाडं, घरचं काही सामान, किंवा चोरटा माल. यातलं कोणतं हे सांगता येत नाही, असं स्वच्छ लिहिलं. खात्री : कमी. अकरा वर्षांत हा शब्द मी स्वतःच्या टिपणात पहिल्यांदा लिहिला. ताब्यात न घेता माहिती काढावी, अशी विनंतीही घातली. वरचे ऐकतील असं नाही.

एक ओळ राहिलीय. 'भांगाच्या दिवसांत गाडी उभी असते' असं हरेशने १४ तारखेला मला सांगितलं.

ती लिहिली तर मी नियम मोडून तिथे गेले हे लिहावं लागेल. ते लिहीन, त्याचं एवढं काही नाही. पण ती लिहिली तर 'कमी' राहत नाही. खोटं बोलला म्हणतील आणि उद्या पहाटे उचलतील. उद्या अवस आहे. उद्या पाणी सगळ्यात लांब जाणार आणि चार बायका खडपावर गोण्या भरून गाडीची वाट बघणार. आणि नाही लिहिली, तर अ.ने आठ तारखेला केलं तेच मी आज करतेय, फक्त तिची सही आधीच झालेली असताना.

आणि तिसरंही आहे, ते लिहून टाकते. ती ओळ गाळली तर टिपणात तिचीच चूक राहते. माझी कुठेच दिसत नाही. मला हे आवडतंय. म्हणून माझा माझ्यावर विश्वास नाही.

सा. सातला निघतात. आता साडेसहा. अ. दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, अजून काही राहिलंय का लिहायचं?"

मी म्हटलं, बस जरा.

ती बसलीय समोर. मी कळंबला गेले होते हे तिला अजून माहीत नाही. तिने वही काढली नाही, नुसती माझ्याकडे बघतेय, आणि हे पान तिच्यापुढे ठेवायचं म्हणून मी लिहीतच राहिलेय.